बाबांच्या जुन्या पीसीची हार्डडिस्क केसिंगमध्ये बसत नाहीये, काय करू?

वेलदोडा

नमस्कार मंडळी. कॉम्प्युटर उघडायचा मला काडीचाही अनुभव नाही हे आधीच सांगते, ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या.

माहेरी मिरजेला बाबांचा २००६ चा असेंबल्ड पीसी आहे. पेंटियम फोर, एक्सपी, वर आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. या दिवाळीत चालू करायला गेले तर पंखा अर्धा मिनिट फिरतो आणि ठप्प. गल्लीतल्या रिपेअरवाल्याला बोलावलं, त्याने झाकण काढून मदरबोर्डवरचे कपॅसिटर दाखवले, खरंच पुरीसारखे टम्म फुगलेले होते, आणि म्हणाला बोर्ड गेला, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पण गेला, भंगारात घाला, डेटा हवा असेल तर साडेचार हजार होतील आणि डिस्क दुकानात ठेवून जावी लागेल. मला काही ते पटेना. शेवटी मीच डिस्क काढली, चार स्क्रू आणि दोन केबल, एवढंच तर होतं. बाबांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून पुण्याला घेऊन आले.

मग ऑनलाइन एक केसिंग मागवलं, म्हणजे डिस्क आत घालून यूएसबीने लॅपटॉपला जोडायची डबी, ६५० रुपयांचं, रिव्ह्यू चांगले होते म्हणून. आलं ते चपटं, मोबाइलएवढं. आणि आमची डिस्क म्हणजे अर्धी वीट! आत जायचा प्रश्नच नाही. शिवाय केसिंगच्या आत जो जोड आहे तसलं काहीच डिस्कच्या मागे नाहीये, तिथे पिनांच्या दोन रांगा आहेत कंगव्यासारख्या, आणि बाजूला चार जाड पिना. लेबलवर सीगेट बॅराकुडा, ८० जीबी असं लिहिलंय, मॉडेल नंबरच्या शेवटी ए आहे.

तर प्रश्न असे की याला कुठलं केसिंग घेऊ, आता असलं काही मिळतं का, माझ्या विंडोज ११ च्या लॅपटॉपला एक्सपीची डिस्क वाचता येईल का, आणि बाबांच्या लॉगिनला पासवर्ड होता जो आता कुणालाच आठवत नाही त्याचं काय. आत त्यांचं सगळं लिखाण आहे, शाळेच्या गॅदरिंगसाठी लिहिलेल्या नाटिका, पेपरात आलेले लेख, आणि माझ्या लग्नाचे फोटो, कारण फोटोग्राफरने दिलेल्या सीड्या केव्हाच गेल्या. बाबा म्हणतात काय करायचंय त्या कचऱ्याचं. आणि रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, निघालं का काही?

खटपट्या

ताई, हसण्यासारखं काही नाही, निम्म्या लोकांचं पहिलं केसिंग चुकीचंच येतं. तुम्ही मागवलंय ते लॅपटॉपच्या अडीच इंची साटा (नवा, चपटा जोड) डिस्कचं. तुमची डिस्क साडेतीन इंची, डेस्कटॉपची, आणि आयडीई (जुना, पिनांचा जोड). सीगेटच्या त्या काळातल्या डिस्कवर शेवटी नुसता ए असला की आयडीई, एएस असला की साटा, डोळे झाकून. २००३ पासून साटा यायला लागलं होतं पण असेंबल करणारे लोक पुढची काही वर्षं आयडीईच्या डिस्का टाकत होते, स्वस्त पडायच्या.

आता साडेतीन इंची आयडीई केसिंग शोधत बसू नका. मिळालं तर जुना धूळ खात पडलेला माल मिळेल आणि तुम्हाला ते आयुष्यात एकदाच वापरायचंय. त्यापेक्षा आयडीई-साटा टू यूएसबी कन्व्हर्टर घ्या. एक छोटी डबी असते, तिला एका बाजूला ४० पिनचा जोड (तुमचा), दुसऱ्या बाजूला ४४ पिनचा (जुन्या लॅपटॉपच्या डिस्कचा), तिसरीकडे साटा, आणि यूएसबीची शेपटी. पुण्यात आहात तर तपकीर गल्लीत चक्कर मारा, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. एक अट, सोबत पॉवरचा अडॅप्टर असलेलाच घ्या. साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि यूएसबीतून मिळतात ५. अडॅप्टर नसला तर डिस्क फिरणारच नाही आणि तुम्ही समजाल की डिस्क गेली. लॅपटॉपच्या डिस्कला ५ व्होल्ट पुरतात म्हणून तुमच्या त्या चपट्या केसिंगला वेगळी पॉवर लागत नाही. ते परत करू नका बाय द वे, कधीतरी जुन्या लॅपटॉपची डिस्क त्यात घालता येईल.

पिनांच्या रांगा आणि पॉवरच्या चार पिना यांच्या मधे एक बारीक ठोकळा असेल, त्यावर एक चिमुकली टोपी. तो जंपर. डिस्कच्या लेबलवर आकृती छापलेली असते, टोपी मास्टरच्या जागी आहे ना बघा. एका पट्टीवर (चपट्या केबलवर) दोन ड्राइव्ह लागायचे, एक मास्टर, दुसरा स्लेव्ह. जुन्या पीसीत सीडी ड्राइव्ह त्याच पट्टीवर असायचा म्हणून कधीकधी केबल सिलेक्ट नाहीतर स्लेव्ह करून ठेवलेलं असतं आणि मग कन्व्हर्टरला डिस्क दिसत नाही, माणूस तासन्‌तास डोकं आपटत बसतो. आणि जोड उलटा घालू नका, मधली एक पिन (विसावी) मुद्दाम नसते, कन्व्हर्टरवरही ते एक भोक बुजवलेलं असतं, पण स्वस्तातल्या मालात कधीकधी बुजवलेलं नसतं!! जोर लावायची वेळ आली तर थांबा, पिन वाकली की चिमट्याने सरळ करताना तुटते.

पासवर्डची काळजी सोडा. तो एक्सपीत शिरायचा पासवर्ड होता, फायलींना कुलूप नव्हतं.

सोल्डरगन

काहून एवढा खर्च करून राहिले? कॉलनीत कोणाकडे तरी जुना पीसी असतेच, त्याच्यात आयडीईची पट्टी असते, लावा स्लेव्ह म्हणून आन् पेन ड्राइव्हवर घ्या काढून. शून्य रुपये.

खटपट्या

@सोल्डरगन तो पीसी चालू असेल तर ना भाऊ. आणि २००६ चा दुसरा पीसी म्हणजे त्याचेही कपॅसिटर त्याच वयाचे. पण कुणी करणार असेलच तर एक सांगून ठेवतो, दुसऱ्या पीसीत लावून थेट याच डिस्कवरून एक्सपी चालू करायला जाऊ नका. बोर्ड वेगळा असला की निळा पडदा येतो, सेव्हन-बी एरर, कारण एक्सपीकडे त्या बोर्डाच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसतो. आणि मग ‘रिपेअर’ करायच्या नादात लोक एक्सपी पुन्हा टाकतात त्याच डिस्कवर.

सोल्डरगन

मी स्लेव्हच म्हटलं होतं. वाचत जा.

निवांत

अडॅप्टरवरून आठवलं म्हणून लिहितोय, माझ्या हातून झालेलं आहे त्यामुळे कुणावर ढकलता येत नाही. माझ्याकडे साडेतीन इंचीचं केसिंग होतं, त्याचा अडॅप्टर घर बदलताना हरवला. ड्रॉवरमध्ये अडॅप्टरांचा गुंता असतो ना सगळ्यांच्याच घरी, त्यातला एक उचलला, पिन बरोब्बर बसली, बटण दाबलं. ‘टप्प’ असा आवाज आणि भाजलेल्या प्लॅस्टिकचा वास. तो जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा होता. डिस्कच्या खाली जो हिरवा बोर्ड असतो त्यावरचा एक काळा चौकोनी तुकडा तडकला होता.

नशीब एवढंच की तो तुकडा मरण्यासाठीच बसवलेला असतो. पॉवरच्या तोंडाशी एक संरक्षक डायोड असतो, जास्त व्होल्टेज आलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि मागचं सगळं वाचतं. ओळखीच्या एका टीव्ही रिपेअरवाल्याने तो डायोड काढून टाकला, डिस्क फिरली, आणि आम्ही त्याच बैठकीत सगळं कॉपी केलं, कारण आता तिला संरक्षण उरलं नव्हतं. आधी मला एकाने सांगितलं होतं की सेम मॉडेलची डिस्क आणून बोर्ड बदल. तसं नसतं. त्या बोर्डावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कपुरती मापं लिहिलेली असतात, दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावून बहुतेक वेळा नुसती टकटक ऐकू येते, चिपसुद्धा हलवावी लागते.

तर अडॅप्टरवर छापलेलं वाचा. पिन बसली म्हणजे जमलं असं नाही.

बंगळुरी भाकरी

वरच्या सगळ्यांना प्लस वन. माझ्याकडून दोन गोष्टी, पहिली जास्त महत्त्वाची.

डिस्क लावल्यावर विंडोज एक पॉपअप दाखवेल अशी दाट शक्यता आहे, की ही डिस्क वापरायच्या आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? आणि त्यात फॉरमॅटचं बटण असं ठळक निळं असतं की हात आपोआप तिकडेच जातो. कॅन्सल. दर वेळी कॅन्सल. त्या मेसेजचा अर्थ डिस्क रिकामी आहे असा नसतो, विंडोजला ते पार्टिशन (डिस्कचा सी, डी असा एकेक भाग) वाचता येत नाहीये एवढाच असतो. आतल्या फायली जागच्या जागी असू शकतात. तसंच ‘स्कॅन अँड फिक्स’ला पण आत्ता नको म्हणा. त्यामागचं चेकडिस्क वाईट नाही पण ते डिस्कवर लिहितं, दुरुस्ती म्हणून अर्धवट सापडलेल्या फायली तोडून वेगळ्या फोल्डरात टाकतं. ज्या डिस्कची तब्येत माहीत नाही तिच्यावर काहीही लिहायचं नाही, आधी फक्त वाचायचं.

दुसरी, कान द्या. सुरू होताना एक लांब घुर्र आणि मग हलकी खरखर येते, हे नॉर्मल. ठरावीक लयीत टक… टक… टक आणि मधेच मोटर बंद, असं झालं तर लगेच पॉवर काढा आणि पुन्हा पुन्हा लावून बघू नका, डोकं तबकडीला घासत असेल तर प्रत्येक वेळी थोडा डेटा भुकटी होऊन जातो. तेव्हा मात्र रिकव्हरीवाल्याकडेच. आणि फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला मटार निवडायला बसवा. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं.

डिस्क फिरली की क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात स्मार्टचे आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) दिसतात का बघा (काही कन्व्हर्टर ते पुढे पाठवतच नाहीत). तिथे पेंडिंग सेक्टर शून्य असतील तर निवांत कॉपी करा. शून्य नसतील तर इथे सांगा.

वेलदोडा

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप धन्यवाद!! आत्तेभाऊ शनिवारी तपकीर गल्लीत गेला होता, त्याला तिसऱ्या दुकानात मिळाला, अडॅप्टरसकट. दुकानदार म्हणे, हे आता फक्त आईबाबांचे फोटो काढणारेच न्यायला येतात.

जंपर मास्टरवरच होता. लावला. घुर्र आवाज आला, इतका ओळखीचा की मला एकदम बारावीतली खोली आठवली. पण ‘धिस पीसी’मध्ये काहीच नाही. घाम फुटला. दहा मिनिटांनी लक्षात आलं की मी यूएसबी हबला लावलं होतं, तिथून काढून थेट लॅपटॉपला लावलं आणि तीन ड्राइव्ह आले, ई, एफ, जी. म्हणजे बाबांचे सी, डी, ई.

आता सद्यस्थिती. डी सगळा उघडतोय, त्यात नुसती गाणी आणि माझे कॉलेजचे प्रोजेक्ट आहेत. सी उघडतोय पण ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये बाबांच्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केलं की परवानगी नाही म्हणतोय. आणि तिसरा ड्राइव्ह… @बंगळुरी भाकरी तुमच्या तोंडात साखर नको पडायला होती. फॉरमॅट करू का विचारतोय. कॅन्सल केलं. तीनदा केलं. आई म्हणते लग्नाचे फोटो ‘ई’ लाच होते.

स्मार्टचे आकडे दिसले, पेंडिंगपुढे ३७ आहे, बाकी पिवळं.

बंगळुरी भाकरी

घाबरू नका. ३७ म्हणजे ३७ जागा अशा की डिस्कला आत्ता वाचता येत नाहीयेत. जागा म्हणजे एक सेक्टर, ५१२ बाइट. सगळ्या मिळून १९ केबी पण होत नाहीत. फक्त त्यातली एखादी जागा नेमकी नाक्यावरची असली की अख्खं पार्टिशन दिसेनासं होतं. बहुतेक तेच झालंय.

आधी परवानगीचं. तो पॉपअप येतो त्यात ‘कंटिन्यू’ बटण आहे, ते दाबा आणि चहा करायला जा. एक्सपीने त्या फोल्डरवर बाबांच्या खात्याचा मालकीचा शिक्का मारलेला असतो, तुमचं विंडोज त्या खात्याला ओळखत नाही, कंटिन्यू म्हटलं की तुमचं नाव प्रत्येक फाइलवर चढवत जातं. हो, हे लिहिणंच झालं आणि मीच वर नको म्हटलंय, म्हणून आधी पुढची स्टेप करा मग हे. फक्त फायलींची नावं हिरव्या रंगात दिसली तर थांबा, ती खरीखुरी एन्क्रिप्ट केलेली असतात. घरगुती पीसीत सहसा नसतं, एक्सपी होम असेल तर त्यात ती सोय नव्हतीच.

पुढची स्टेप म्हणजे इमेज. अख्ख्या ८० जीबीची जशीच्या तशी एक फाइल करून घ्यायची आणि मग जे काही प्रयोग करायचे ते त्या फाइलवर. तुमच्याकडे एखादी मोठी एक्स्टर्नल डिस्क आहे का, १ टीबी वगैरे? ती फॅट ३२ (फायली मांडायची जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेली नको, त्यात ४ जीबीच्या वर एक फाइल मावत नाही. पेन ड्राइव्हवर लाइव्ह उबंटू (पेन ड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) घ्या, त्यात डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर टाका. साध्या कॉपीत आणि यात फरक असा की साधी कॉपी खराब जागी येऊन तिथेच अडून बसते, हे मात्र आधी जे सहज मिळतंय ते सगळं उचलतं, अवघड जागा सोडून पुढे जातं, आणि शेवटी परत फिरून त्या जागा खरवडत बसतं. सोबत एक मॅप फाइल द्यायची, म्हणजे मधे लाइट गेली तरी पुन्हा तिथूनच पुढे. एकच काळजी, कुठून कुठे हे उलटं लिहू नका. नावं सारखी दिसतात, आकारावरून ओळखा. ८० वाली म्हणजे बाबांची.

किती वेळ लागेल विचाराल. यूएसबी २ चा कन्व्हर्टर असेल तर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे पाऊण तास, अधिक त्या ३७ जागांची मर्जी.

डिस्क सपाट ठेवा, टेबल हलवू नका, आणि थोडा पंख्याचा वारा लागू दे, उघड्यावर असली तरी तासाभराने चांगली तापते.

सोल्डरगन

उबंटू नको असेल त्यांच्यासाठी, नुसतं सी आन् डी काढायचं असेल तर विंडोजमधी रोबोकॉपी नावाची कॉपी करायची कमांड आहे. पण त्याला रिट्रायचा आकडा सांगा, एक नाहीतर शून्य. सांगितला नाही तर तो एकेक खराब फाइल दहा लाख वेळा ट्राय करते, दर खेपेला ३० सेकंद थांबून. हिशोब करा. एका फोटोपायी जवळजवळ वर्ष.

निवांत

@सोल्डरगन हे खरंय?? मी एकदा रात्रभर लावून झोपलो होतो आणि सकाळी बघतो तर तिथेच. मला वाटलं लॅपटॉप हँग झालाय.

सोल्डरगन

हँग नोता, निष्ठावान होता.

वेलदोडा

रविवारचा अख्खा दिवस गेला पण सांगण्यासारखं आहे. आत्तेभाऊ आणि मी जेवणाच्या टेबलावर मांडून बसलो, नवऱ्याला सक्त ताकीद की टेबलाला हात लावायचा नाही, त्यामुळे सगळ्यांनी जमिनीवर बसून पोहे खाल्ले. डिस्क एका ओट्यावरच्या फरशीच्या तुकड्यावर ठेवली होती, गार राहते म्हणून. ४० मिनिटांत ९९ टक्क्यांच्या वर गेलं आणि मग शेवटच्या तुकड्याला दोन तास! ३७ पैकी ३१ जागा वाचल्या त्याने.

मग @बंगळुरी भाकरी यांनी व्यनित सांगितल्याप्रमाणे टेस्टडिस्क नावाचं पार्टिशन दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर वापरलं, इमेजवर, मूळ डिस्कवर नाही. तिसरं पार्टिशन फॅट ३२ निघालं. त्याचा अगदी पहिला सेक्टर, ज्याला बूट सेक्टर म्हणतात, तोच खराब. आणि गंमत म्हणजे फॅट ३२ मध्ये त्याची एक कॉपी सहा घरं पुढे ठेवलेलीच असते, टेस्टडिस्कने स्वतःच विचारलं की बॅकअप चांगला आहे, तो पुढे आणू का. हो म्हटलं. उघडलं. लग्नाचे ४१२ फोटो, सगळ्यात पहिला म्हणजे आमच्या मावशीबाई जिलबी खाताना. आईला लगेच व्हॉट्सॅपवर पाठवला.

बाबांचं म्हणणं तेव्हा लोडशेडिंग रोजचंच होतं आणि यूपीएसची बॅटरी मेलेली, पीसी कितीदा तरी धाडकन बंद पडायचा, त्यातच झालं असेल.

पण आता नवीनच. बाबांच्या वर्ड फायली उघडल्या, आणि आत मराठी नाहीच. नुसते डॉलर, कंस, टोपीवाली अक्षरं, आणि अंडरस्कोर तर जिथे तिथे. फाइल खराब झालीये का? बाबांना अजून सांगितलेलं नाही.

डीटीपीकाका

फाइल ठणठणीत आहे. ‘मराठी’ शब्द जिथे असायला हवा तिथे सुरुवातीला अंडरस्कोर दिसतोय का बघ. दिसत असेल तर ते श्रीलिपी आहे, मराठी टाइप करायचं जुनं सॉफ्टवेअर, तिच्यात ‘म’ अंडरस्कोरच्या घरात बसवलेला आहे. मी वीस वर्षं लग्नपत्रिका आणि पतसंस्थांचे अहवाल याच्यातच लावले, ते मला आता तसंच्या तसं वाचता येतं.

त्या काळी युनिकोड (आज सगळीकडे चालतं ते मराठी) नव्हतं असं नाही, एक्सपीत मंगल फॉन्ट होता, पण सीडी घालून ते चालू करावं लागायचं आणि छापखान्यात पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) होता, पेजमेकरला युनिकोड देवनागरी कधी जमलंच नाही. मग सगळे आपापल्या फॉन्टात. पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम, आकृती, प्रत्येकाची अक्षरांची घरं वेगळी. म्हणजे फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, वर फॉन्टचा मुखवटा घातला की मराठी दिसतं. मुखवटा काढला की तुला दिसलं ते.

तर मुखवटा हवा. तो कुठे आहे? बाबांच्याच डिस्कवर, सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्समध्ये. लोक डिस्क काढताना माय डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप घेतात, विंडोज फोल्डर कचरा म्हणून सोडतात, आणि डिस्क फॉरमॅट करून मोकळे होतात. मग माझ्याकडे येतात आणि म्हणतात काका हे वाचून द्या. तू इमेज घेतलीयेस त्यामुळे तुझं काही गेलेलं नाही. तिथून अख्खा फॉन्ट्स फोल्डर बाजूला कॉपी करून ठेव, त्यात श्री-देव असं नाव आणि पुढे आकडा, ०७१४ वगैरे, असलेल्या टीटीएफ फायली सापडतील. राइट क्लिक, इन्स्टॉल. वर्ड बंद करून उघड.

टाइप करायला मूळ सॉफ्टवेअर आणि त्याचं लॉक (कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्ली) लागायचं, पण नुसतं बघायला आणि छापायला फॉन्ट पुरतो. सगळ्यात आधी प्रत्येक फाइलची पीडीएफ कर, म्हणजे पुढे कुणाकडे फॉन्ट असो नसो. नंतर युनिकोड कर हवं तर, कन्व्हर्टर मिळतात, पण डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, जशी दिसते तशी, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवतात. रफाराचं उलटं. कन्व्हर्टर ही उलटापालट करतो आणि ‘मूर्ती’, ‘वर्षानुवर्षं’ असल्या शब्दांत पाय घसरतो. मधे बाबांनी एखादा इंग्रजी शब्द टाकला असेल तर त्याचंही मराठी करून ठेवतो, म्हणजे अगम्य काहीतरी. मुद्रितशोधन लागतंच. मास्तर आहेत ना घरात, बसव त्यांना.

पेजमेकरच्या फायली निघाल्या तर टाकू नकोस, लिब्रे ऑफिसमध्ये सहा आणि सातच्या उघडतात, मांडणी थोडी हलते पण मजकूर येतो.

वेलदोडा

काका!!! अंडरस्कोरच होता.

फॉन्ट्समध्ये श्री-देवचे बावीस निघाले. इन्स्टॉल केले, वर्ड उघडलं, आणि समोर ‘पात्रपरिचय’. २००७ च्या गॅदरिंगची नाटिका, नववी ब. पात्रांपुढे मुलांची नावं, एका नावापुढे कंसात ‘गैरहजर राहतो, पर्यायी बघणे’.

पीडीएफ करून बाबांना पाठवली. मला वाटलं फोन येईल, काहीतरी बोलतील. रात्री साडेअकराला मेसेज आला, ‘पान ३, ओळ ७, दीर्घ हवी. दुरुस्त करून पुन्हा पाठव.’

खटपट्या

मस्त झालं ताई. आता ती डिस्क?

वेलदोडा

तोच विचारणार होते. चालतेय तर, केसिंग करून बॅकअपला वापरू का? टाकवत नाही.

बंगळुरी भाकरी

बॅकअपला नको. सहा जागा कायमच्या गेल्यात, अजून जातील. बनियनमध्ये गुंडाळून कपाटात ठेवा, आठवण म्हणून. फोटो आणि लिखाणाची एक कॉपी त्या १ टीबीवर आहेच, अजून एक मिरजेला किंवा क्लाउडवर ठेवा, दोन्ही एकाच घरात नकोत. इमेजची फाइल वर्षभर तरी पुसू नका, नंतर आठवतं की अमुक राहिलं. आउटलुक एक्सप्रेसच्या मेल असतील तर त्या लपवलेल्या फोल्डरात असतात, डीबीएक्स नावाने शोधा.

पावसाळी छत्री

सगळा धागा एका दमात वाचला. माझी डिस्क जुन्या लॅपटॉपची आहे, अडीच इंची, पण पिनावालीच. ताईंनी आणला तो कन्व्हर्टर चालेल का? आणि अडॅप्टर लागेल का?

खटपट्या

चालेल, ४४ पिनची बाजू वापरा. अडॅप्टर नाही लागणार, ५ व्होल्ट त्या पिनांमधूनच जातात. पण पिना फार जवळजवळ आणि बारीक असतात, एक रांग सरकवून घातली तर पॉवर भलत्या पिनेत जाईल, टॉर्च लावून बघा. बाजूच्या चार सुट्या पिनांवर काही घालायचं नाही, त्या जंपरच्या आहेत, लॅपटॉपच्या डिस्कला टोपी नसली म्हणजे ती मास्टरच. आणि फॉरमॅट करू का विचारलं तर काय करायचं ते वर आलंय.

पावसाळी छत्री

कॅन्सल 🙏